चिरमीचा जार

मुरलीपुऱ्यात आमच्या गल्लीत मला 'गायवाली मराठी भाभी' म्हणतात. माझ्याकडे गाय नाही. असणार कुठून, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. पण कवठे महांकाळकडे वडिलांच्या घरी म्हशी होत्या, आणि इथे हिंदी मुलखात आल्यावर वेळ भरपूर होता. शाळा दहावीला सुटली होती, वाचायची खोड मात्र सुटली नाही. पशुवैद्यकांची पत्रकं, शेतीच्या मासिकांचे जुने अंक, मोबाईलवर डॉक्टर लोकांची भाषणं, जे मिळेल ते मी वाचलं, ऐकलं आणि गल्लीत वाटलं. कुणाची गाय फुगली, कुणाच्या वासराला हगवण लागली की मला हाक यायची. आमचे हे रोज सकाळी स्कूटरवर सीतापुऱ्याला कारखान्यात जातात. निघताना एकदा म्हणाले होते, "शकुंतला, पाटी लाव आता दारावर." मी हसले, पण मनात म्हटलं, लावायला हरकत नाही.

तर मला गुर्मी होती. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

खाली, तीन घरं सोडून कस्तुरी राहते. तिचा नवरा ट्रकवर असतो, महिन्यातले वीस दिवस गुजरातेत. घरी ती आणि चिरमी. चिरमी म्हणजे गुंज, तसल्याच लाल रंगाची ही गाय. गल्लीतली चार घरं तिचंच दूध पितात, त्यातलं एक आमचं. लता, कस्तुरीची मुलगी, सीकरला दिलेली. तिचं बाळंतपण आणि चिरमीचं, दोन्ही एकाच आठवड्यात आली. कस्तुरी दोन दिवस नुसती दारातून आत आणि आतून दारात करत होती. शेवटी मीच तिला बसमध्ये बसवून दिलं. "जा तू. चिरमीला मी बघते. माझ्यावर विश्वास नाही का?"

"आप पे नहीं होगा तो किस पे होगा, भाभीजी," ती म्हणाली.

चिरमी दुसऱ्या दिवशी भर दुपारी व्याली. व्याली कसली, माझ्यासमोर उभी राहून वासरी खाली ठेवली म्हणा, इतकं सोपं. लाल, कपाळावर चांदणी. मी तिचं नाक पुसलं आणि उचलून सडापाशी नेली. तेवढ्यात समोरच्या कट्ट्यावरून बापू उठले. बापू सत्तरीचे, पूर्वी सायकलला कॅन लावून दूध घालायचे. त्यांच्या मते जगात त्यांच्यानंतर कुणाला गाय कळलेली नाही.

"अरे रे रे! पहले जेर गिरने दो! जेर गिरे बिना दूध नहीं पिलाते."

जेर म्हणजे आपण ज्याला जार म्हणतो तो. वासरू बाहेर आल्यावर मागून पडतो, तो पडला की गाय मोकळी झाली. तोवर चीक काढायचा नाही, वासराला पाजायचं नाही, असं इथे मानतात. आमच्याकडेही मानायचे. आणि ते चूक आहे. पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेला नाही तर वासरू पुढे आजारी पडतं, आणि ते लुचतं तसा जार पडायलाही मदतच होते. हे मी कागदावर वाचलेलं होतं. तो कागद मी कस्तुरीच्या गोठ्यात भिंतीला चिकटवलाही होता, हिंदीतला, चित्रांचा. मी बापूंना बोट लावून वाचून दाखवलं. गल्लीतल्या पाच-सहा बायका जमल्या होत्या, त्यांनाही दाखवलं.

"कागज गाय को भी पढ़ा दो," बापू म्हणाले.

बायका हसल्या. वासरी प्यायली, पोट टम्म होईपर्यंत. मी जिंकले.

संध्याकाळपर्यंत जार पडला नाही.

कस्तुरीचा फोन आला. मुलगी झाली, दोघी ठीक. आणि लगेच, "जेर पड़ी?" मी म्हटलं, पडेल. तासाभराने पुन्हा. "पड़ी?" रात्री जेवताना पुन्हा. सकाळी मी खाली गेले तेव्हा तो तसाच लोंबत होता, मागच्या पायांपर्यंत, काळपट, त्यावर माशा. बापू कट्ट्यावर बसून चहा पीत होते. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. बशीत फुंकर मारली आणि माझ्याकडे बघितलं, बस.

वीस तास झाले होते. अशा वेळी काय करायचं ते मला ठाऊक होतं. हात लावायचा नाही, ओढायचा नाही, वजनाला वीट बांधायची नाही, डॉक्टरला बोलवायचं. सगळं त्याच कागदावर होतं, सातव्या चित्रात. चित्रातल्या ओढणाऱ्या माणसावर लाल फुली होती. पण डॉक्टर येणार, गल्ली बघणार, आणि सगळे म्हणणार की मराठी भाभीने आधी पाजलं म्हणून जेर अडकली. एकदा असं ठरलं की पुढचं प्रत्येक वासरू जार पडेपर्यंत उपाशी उभं राहणार. हे मी स्वतःला सांगितलं. वासरांसाठी करतेय, असं. किती छान कारण होतं ते.

मी गोठ्याचं फाटक लोटून घेतलं, हाताला फडकं गुंडाळलं आणि कागदाच्या बरोबर खाली उभी राहून ओढला.

चिरमीने पाठीची कमान केली आणि कण्हली. मी थांबले. मग पुन्हा ओढला, दोन्ही हातांनी. ओलं कापड फाटावं तसा आवाज झाला आणि सगळा गोळा माझ्या पायावर पडला. पडलेला जार पसरून बघायचा असतो, पूर्ण आहे की नाही. मी पसरला नाही. मागे भिंतीलगत खड्डा केला आणि कुत्री यायच्या आत पुरला. मग फाटक उघडून बापूंना ऐकू जाईल अशा आवाजात फोन केला. "कस्तुरी, पड़ गई! अपने आप! पूरी!"

दोन दिवसांनी कस्तुरी परत आली ती सीकरचे लाडू घेऊनच. आधी चिरमीच्या गळ्यात पडली, मग माझ्या. पहिल्या चिकाचा खरवस मी तिच्यासाठी ठेवला होता. तिला तो काही फारसा आवडला नाही, पण तिने सगळा खाल्ला, मी केला म्हणून.

पाचव्या दिवशी चिरमीने वैरण सोडली. दूध निम्म्यावर आलं. शेपटीखाली पाण्यासारखं तांबूस-तपकिरी काहीतरी गळत होतं, आणि वास. तो वास एकदा आला की विसरत नाही. मी थर्मामीटर लावलं, एकशे पाच. डॉक्टरला तेव्हाच बोलवायला हवं होतं. मी गूळ आणि ओवा दिला. "बाळंतपणात होतं असं थोडं," म्हटलं. डॉक्टर आला की विचारणार, जार कसा पडला. म्हणून पूर्ण एक दिवस मी तिला गूळ आणि ओवा चारला.

सहाव्या दिवशी चिरमी उठेना, तेव्हा मी सावनीला फोन केला. सावनी परभणीची, तिथेच शिकलेली, इथल्या जनावरांच्या दवाखान्यात पाच वर्षं डॉक्टर आहे. गणपतीत ओळख झाली, तेव्हापासून मला काकू म्हणते. तासाभरात स्कूटीवरून आली. दोघींनी मिळून चिरमीला उठवलं. कस्तुरी शेपूट धरून उभी राहिली.

"जेर कब गिरी थी?" सावनीने खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवत विचारलं.

"दूसरे दिन सुबह. अपने आप," कस्तुरी म्हणाली. "भाभीजी ने खुद देखी. पूरी गिरी."

सावनीचा हात आत गेला. ती भिंतीकडे बघत राहिली, हातानेच बघत असल्यासारखी. मग हात बाहेर आला, त्याच्यामागून ते घाण पाणी, आणि तिच्या बोटांना चिकटलेली एक कुजकी चिंधी.

"तुटलाय हा. तुकडा आत राहून सडलाय," ती मराठीत म्हणाली. "काकू, तुम्ही होतात ना इथे?"

आता हे मी का आणि कसं केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कस्तुरी हातभर अंतरावर होती. तिला मराठीतलं 'या' आणि 'बसा' एवढंच कळतं. मी मराठीत बोलले.

"मी ओढला गं. वीस तास झाले होते. फडकं गुंडाळून ओढला, तुटला, पुरून टाकला."

"पसरून नाही बघितला?"

"नाही."

"का?"

"बघितला असता तर कळलं असतं."

बोलून मला इतकं हलकं वाटलं होतं की लाज वाटावी.

"क्या हुआ?" कस्तुरीने विचारलं. "क्या बोल रही हैं डाक्टरनी?"

"कह रही हैं, बच्चेदानी में सूजन है," मी म्हटलं. "सफाई रखनी पड़ेगी."

शब्द न् शब्द खरा होता. सावनीने माझ्याकडे एकदा बघितलं. तिचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तिने इंजेक्शनं दिली, एक मानेत, एक मागे. मग कस्तुरीला सावकाश समजावलं. पाच दिवस रोज इंजेक्शन. आत काही घालायचं नाही, धुवायचं नाही, कुणाचा देशी इलाज नाही. सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा, पाणी भरपूर पाजायचं. औषध चालू आहे तोवर दूध कुणाच्या घरी द्यायचं नाही.

"बचेगी?"

"बच जाएगी, ऐसा लगता है. देर की है आपने, पर बच जाएगी."

"और फिर ब्याएगी?"

सावनीने हातमोजा उलटा करून काढला. "अभी नहीं कह सकती. महीने भर बाद देखेंगे. अंदर पीप रह गई तो गाभिन होना मुश्किल होता है."

पीप म्हणजे पू. कस्तुरीने मान हलवली. त्या मानेत काय होतं ते इथे सगळ्यांना कळतं. सीकर रोडच्या कडेला कचऱ्यात तोंड घालून उभ्या असतात, त्या सगळ्या एकेकाळी कुणाच्या तरी चिरमी होत्या. गाभ धरत नाहीत म्हणून दावं सोडलेल्या. कस्तुरी सोडणार नाही. पण तिचा नवरा गुजरातेतून आला की काय म्हणेल, ते मी कोण सांगणार.

मी सावनीला स्कूटीपर्यंत सोडायला गेले.

"केसपेपरवर लिहावं लागतं, जार कसा पडला ते," ती म्हणाली. "आज ती ओळ कोरी ठेवलीय. उद्या दहाला येते."

"तू सांगशील तिला?"

"मी कशाला सांगू? गाय त्यांची, हात तुमचा." तिने हेल्मेट घातलं. "पण खोटं लिहिणार नाही, काकू. आणि लिहिलेलं मी मालकाला वाचून दाखवते. सगळ्यांनाच."

परत आले तर कस्तुरी फोनवर होती, लताशी. मला खुणेनेच बस म्हणाली. परवा सीकरला जलवा होता. बाळंतीण नटून विहिरीची पूजा करते तो दिवस. त्यासाठी माहेरून पिवळी ओढणी जाते, पीळा म्हणतात तिला, आणि ती आई घेऊन जाते. कस्तुरीने ती जौहरी बाजारातून दोन महिने आधीच आणून ठेवली होती. मला चारदा दाखवून झाली होती.

"कोनी आऊँ, लाडो," ती सांगत होती. "थारा काका के हाथ भेज दूँगी." पलीकडून लता रडत असावी. कस्तुरीने फोन ठेवला.

"का?" मी विचारलं. "क्यों नहीं जाओगी?"

"एक बार गई तो ये हुआ." ती चिरमीच्या पाठीवर हात फिरवत होती. "ब्याने वाली गाय को छोड़ के कोई जाता है? इसने मन में लगा लिया. म्हारी ही गलती है, भाभीजी. आपने तो इतना किया."

मी घरी आले. ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गाय बरी होतेय ना? मग कशाला सांगतेस? तिला उगाच त्रास." चांगला माणूस आहे. तो सल्ला मला दोन पोळ्या संपेपर्यंत पुरला. मग ती कपाटातली पिवळी ओढणी डोळ्यांसमोर आली आणि तिसरी पोळी गेली नाही.

सकाळी साडेसातला मी खाली उतरले. कस्तुरी कोमट पाण्याने चिरमीचा मागचा भाग पुसत होती. चिरमीने थोडा कडबा ओढला होता. मी बादलीशेजारी उभी राहिले. रात्री हिंदीत चार वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"कस्तुरी, जेर अपने आप नहीं गिरी. मैंने खींची थी. टूट गई. टुकड़ा अंदर रहा, उसी से सड़ा. तुम्हारे जाने से कुछ नहीं हुआ."

तिचा हात थांबला नाही. फडकं पिळलं, पुन्हा बुडवलं.

"कितना खींचा?"

"दोनों हाथ से. दो बार."

"ये बोली थी?"

चिरमी ओरडली होती का, असं ती विचारत होती. "हाँ," मी म्हटलं.

"तब भी खींचा."

"हाँ."

"क्यों? आप तो सबको मना करती हो."

"बापू हँसते. सब कहते, मैंने पहले दूध पिलाया इसलिए अटकी."

"तो हँसते," कस्तुरी म्हणाली. "हँस के चाय पीने चले जाते. और क्या करते?"

तिने शेपटी पुसली, एकेक केस मोकळा केला. मग विचारलं, "डाक्टरनी को पता है?"

"कल बताया."

"कल कब? मैं तो यहीं थी."

तिने हळूच मान वर केली. तोवर तिचा चेहरा ठीक होता. दमलेला, रागावलेला, पण ठीक.

"मेरे सामने बोली? अपनी बोली में?"

"हाँ."

"मैं पूँछ पकड़ के खड़ी थी, भाभीजी." फडकं बादलीत पडलं. "मैंने पूछा भी. पूछा ना मैंने? और आपने कहा, सफाई रखनी पड़ेगी."

मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाही, बहुधा मराठी आणि हिंदी एकत्रच आलं असेल. तिने ऐकलं की नाही, तेही माहीत नाही. ती वासरीला सोडायला गेली.

दहाला सावनी आली. ताप एकशे तीनवर उतरला होता. तिने इंजेक्शन दिलं, डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या आणि केसपेपर गुडघ्यावर घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. त्या न बघण्याबद्दल मी तिची आभारी आहे.

"जेर कैसे गिरी?"

"खींची," कस्तुरी म्हणाली. आवाज एवढा मोठा की कट्ट्यावरून बापू उठून फाटकाशी आले. "लिखो डाक्टरनी. भाभीजी ने खींची, दूसरे दिन, दोनों हाथ से."

सावनीने लिहिलं.

"और एक बात बताओ. बछड़ी को जेर गिरने से पहले दूध पिलाया था. वो गलत था?"

"नहीं, वो बिल्कुल ठीक था."

"तो वो भी लिखो," कस्तुरी म्हणाली. "जो ठीक किया वो भी लिखो."

तसली ओळ त्या कागदावर नसते. सावनीने खाली कोपऱ्यात लिहिली. मला रडू आलं, पण ते तिथे काढायचा मला काही हक्क नव्हता, म्हणून मी बादली उचलून नळावर गेले.

बापू फाटकाला टेकून उभे होते. मी तयारीत होते. ते म्हणाले, "खींची तो हमने भी हैं, कितनी ही. पर हमने दीवार पे कागज नहीं चिपकाया था."

एवढंच. हसले नाहीत. हसले असते तर निदान माझा अंदाज बरोबर निघाला असता.

"बापू," कस्तुरीने हाक मारली, "कल मैं सीकर जा रही हूँ, जलवे में. परसों लौटूँगी. गाय तुम देखोगे. बुखार नापना डाक्टरनी सिखा देंगी."

"देख लूँगा."

मी बादली घेऊन उभीच होते. "और मैं?"

कस्तुरीने माझ्याकडे बघितलं. "आप गोबर उठा देना, मैडम."

सात वर्षांत तिने मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसने गेली, पिवळी ओढणी नव्या पिशवीत घेऊन. मी तिला सोडायला गेले नाही, तिने बोलावलं नव्हतं. गोठ्यात गेले तेव्हा बापू आधीच आलेले होते. थर्मामीटर डोळ्यांपासून लांब धरून आकडा वाचायचा प्रयत्न करत होते. मी वाचून देऊ का, असं विचारणार होते. विचारलं नाही. त्यांनी खिशातून चष्मा काढला, वाचलं, "एक सौ दो," आणि पेन्सिलीने भिंतीवर लिहिलं.

चिरमी उभी होती. कडबा खात होती, सगळा नाही, पण खात होती. तिची कूस पुन्हा भरेल का, ते आजही कुणाला माहीत नाही. सावनीच्या महिन्याला अजून बारा दिवस आहेत. त्या सकाळी मी जवळ गेले तशी चिरमीने मागचा पाय उचलून बाजूला सरकून घेतलं. मी पदर खोचला, घमेलं घेतलं आणि शेण भरायला वाकले.

"उधर," बापू म्हणाले. "खूँटे के पीछे रह गया."

मी खुंट्यामागचंही काढलं.